लाव्हाचा डोंगर आणि वाटांची पुस्तके : माहूरपासून यवतमाळपर्यंत

१/
डोंगर पाहण्यास निघालेल्या माणसाच्या हाती वाट दाखवणारे पुस्तक केव्हा आले? ते कोणी लिहिले? त्या पुस्तकाने कोणते डोंगर दाखवले आणि कोणते वगळले? महाराष्ट्रापुरता हा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा पुण्या-मुंबईच्या घाटमाथ्यावर शोधले जाते. परंतु या कथेचा एक फार जुना धागा पैनगंगेच्या काठी, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर, माहूरच्या डोंगरात आहे. सुमारे सातशे वर्षांच्या त्या वाटेचा हा मागोवा.

२/
प्रथम डोंगराविषयी. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग ज्वालामुखीतून आलेल्या लाव्हाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हारस वारंवार बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. म्हणून येथे व्हेसुव्हियस किंवा फुजीसारखा शंकूच्या आकाराचा, माथ्यावर मुख असलेला पर्वत नाही. दख्खनच्या या लाव्हाप्रदेशाचे आजचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. त्यातील डोंगर उफाळून वर आलेले नाहीत. सभोवतालचा खडक पाण्याने झिजून गेला आणि जो टिकला त्याला आपण डोंगर म्हणतो.

३/
या खडकाला युरोपीय भूवैज्ञानिकांनी ‘ट्रॅप’ म्हटले. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ ‘जिना’. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध १८३६ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घाटातून वर पाहणाऱ्या कोणालाही तो जिना दिसतो. घट्ट बेसाल्टचा उभा कडा, त्यावर सच्छिद्र, ठिसूळ खडकाची आडवी पट्टी, पुन्हा कडा. त्या आडव्या पट्टीला डोंगरात राहणारा माणूस ‘पदर’ म्हणतो. साइक्स यायच्या कितीतरी आधीपासून गुरे त्याच पदरांवरून चरत आली आहेत.

४/
यवतमाळ या जिन्याच्या पूर्वेकडील खालच्या पायऱ्यांवर वसले आहे. पश्चिमेस काही ठिकाणी दोन किलोमीटरांच्या घरात असलेली लाव्हाची जाडी पूर्वेकडे विरळ होत जाते. वऱ्हाडचे जुने दोन भाग म्हणजे पयानघाट आणि बालाघाट, म्हणजे खालचा सखल प्रदेश आणि घाटावरचा प्रदेश. यवतमाळचे पठार बालाघाटात मोडते. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर. पुढे वणीच्या बाजूस लाव्हाचे पांघरूण संपते आणि त्याखालचा कितीतरी जुना चुनखडक व दगडी कोळसा उघडा पडतो. एकाच जिल्ह्यात लाव्हाप्रदेश आणि त्याची कड, दोन्ही पायी पाहता येतात.

५/
आता पुस्तकांकडे. महानुभाव पंथाच्या ‘साती ग्रंथां’त रवळो व्यासांचा ‘सह्याद्रवर्णन’ हा ग्रंथ आहे. चौदाव्या शतकातील ही मराठी काव्यरचना श्रीदत्तात्रेयप्रभूंचे आणि त्यांच्या माहूरच्या पर्वताचे माहात्म्य गाते. भूगोलाच्या पुस्तकातला सह्याद्री अरबी समुद्राला समांतर उभा असतो. दत्तसंप्रदायाचा आणि महानुभावांचा सह्याद्री मात्र माहूरचा. भूगोलही या श्रद्धेच्या फार विरोधात नाही. सातमाळा-अजिंठा ही सह्याद्रीची पूर्वेकडे निघालेली शाखा ज्या उंचवट्यांच्या रूपाने पुढे जात राहते, त्यांच्याच विस्तारात माहूर येते.

६/
महानुभाव परंपरेत माहूरच्या डोंगराशी एक विलक्षण प्रसंग जोडलेला आहे. श्रीचांगदेव राउळ या डोंगरात गेले असता दत्तात्रेयप्रभू वाघाच्या रूपाने प्रकट झाले आणि त्यांनी आपला पंजा राउळांच्या मस्तकी ठेवला, असे पंथीय मानतात. या कथेचा अर्थ पंथाच्या तत्त्वज्ञानात आहे. वाटांच्या इतिहासाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक गोष्ट ध्यानात येते. या डोंगराच्या सर्वांत जुन्या आठवणींत वाघ आहे, आणि पैनगंगेच्या खोऱ्यात तो आजही आहे.

७/
‘सह्याद्रवर्णन’ हे स्तवन होय. वाट दाखवणारे खरे पुस्तक त्याच शतकातील ‘स्थानपोथी’. मुनिव्यासांच्या नावाने ओळखला जाणारा हा गद्य ग्रंथ. श्रीचक्रधरस्वामी महाराष्ट्रात जेथे जेथे फिरले, जेथे वसतीस राहिले, जेथे बसले, अशा स्थानांची ही नोंदवही आहे. गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगास मठ आहे, कोणत्या बाजूस झाड किंवा विहीर आहे, अशा पद्धतीने ती एकेक जागा निश्चित करते. यादवांची सत्ता लयास गेल्यानंतरचा हा काळ आहे. ज्यांनी स्वामींना पाहिले होते ती पिढी संपत आली होती. जागा विसरल्या जातील, या भयातून ही पोथी लिहिली गेली.

८/
आजच्या भटकंतीच्या पुस्तकाशी स्थानपोथीची तुलना करून पाहावी. दिशा, खुणा, एका ठिकाणाहून दुसऱ्याकडे जाण्याचा क्रम, सारे तिच्यात आहे. आधुनिक पुस्तकात जे क्वचित आढळते तेही आहे : लहान जागेविषयीचा आदर. भव्य देवळाइतकीच अचूक नोंद एखाद्या ओसरीचीही होते. स्थान प्रेक्षणीय आहे किंवा नाही हा प्रश्नच तेथे उपस्थित होत नाही. तेथे कोणी येऊन गेले, एवढे त्या जागेला पुरते. पुढे भाविकांनी या स्थानांवर ओटे बांधले. आजही महानुभाव यात्रेकरू त्या ओट्यांना दंडवत घालीत फिरतात.

९/
मात्र हा मार्गदर्शक सर्वांसाठी खुला नव्हता. महानुभावांनी आपले बरेच ग्रंथ ‘सकळ लिपी’सारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि शतकानुशतके ते पंथाबाहेर वाचले गेले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिप्यांचा उलगडा केला. पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी ‘स्थानपोथी’चे संपादन केले, तेव्हा हा मजकूर सामान्य मराठी वाचकाच्या हाती आला. लिहून ठेवलेली वाटही वाचकाअभावी किती काळ मुकी राहू शकते, याचे हे उदाहरण.

१०/
लिखित वाट मुकी असली तरी चालती वाट सुरूच होती. माहूरला तीन बाजूंनी पैनगंगेचा वेढा आहे. रेणुका, अनसूया आणि दत्तशिखर ही उंचवट्यांवरची देवस्थाने, रामगड हा किल्ला आणि जवळची कोरीव लेणी असा हा सगळा परिसर आहे. श्रावण पौर्णिमेच्या सुमारास भाविक या डोंगराची पायी परिक्रमा करतात. नदी ओलांडली की धनोडा, आणि तेथून यवतमाळ जिल्हा सुरू होतो. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची जी मोजदाद केली, तिच्यात माहूर आणि कळंब ही सरकारे आहेत, आणि आजच्या यवतमाळचे जुने रूप ‘यवत-लोहारा’ हेही आहे. पण ती नोंद महसुलासाठी होती. वाटसरूला तिचा काही उपयोग नव्हता.

११/
एकोणिसाव्या शतकात डोंगरांकडे पाहणारी नवी दृष्टी आली, ती मोजणीची. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा ‘महाचाप’ दक्षिणेकडून उत्तरेकडे वऱ्हाडातून गेला. त्याचा प्रमुख विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा नदीपलीकडच्या हिंगणघाट येथे मरण पावला. यवतमाळच्या पठारापासून ते गाव दूर नाही. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले. डोंगरमाथ्यांवर निशाणे रोवून त्यांच्यामधले कोन मोजत जाणे, ही सर्वेक्षणाची रीत. त्यातून जे नकाशे सिद्ध झाले, त्यांच्यावरच पुढच्या सर्व प्रवासपुस्तकांची इमारत उभी राहिली.

१२/
नकाशानंतर गॅझेटियर. अल्फ्रेड लायल याने संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० साली मुंबईस छापले गेले. त्या वेळी हा जिल्हा ‘वणी’ (इंग्रजी कागदांत ‘वून’) म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत दारव्हा व पुसद हे तालुके जोडले जाऊन तो ‘यवतमाळ’ झाला, आणि १९०८ मध्ये त्याचे स्वतंत्र गॅझेटियर निघाले. त्यात टेकड्या आहेत, नद्या आहेत, खडक, वनस्पती आणि श्वापदेही आहेत. मात्र हे सारे कलेक्टरासाठी लिहिलेले आहे. डोंगर किती उंच, जंगल किती उत्पन्नाचे, रस्ता पावसाळ्यात चालतो किंवा नाही, हे त्यातून कळते. त्या डोंगरावर कोणी आनंदासाठी चढेल, अशी कल्पना त्या पानांमागे नाही.

१३/
आनंदासाठी फिरणाऱ्याचे पुस्तक युरोपातून आले. लंडनच्या जॉन मरे यांच्या ‘हँडबुक’ मालेत एडवर्ड ईस्टविकने लिहिलेला भारताचा मार्गदर्शक १८५९ साली निघाला. त्याचा एक भाग मद्रासचा, दुसरा मुंबईचा. त्या सुमारास युरोपात ज्वालामुखी चढणे हीच मोठी करमणूक होती. नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियसवर १८८० साली दोरीच्या ओढीची रेल्वे सुरू झाली, आणि काही वर्षांतच ती टॉमस कुक या प्रवासी कंपनीने विकत घेतली. १९४४ च्या उद्रेकात त्या रेल्वेचा अंत झाला. ज्वालामुखीच्या उतारावर पुस्तक, रेल्वे आणि उपाहारगृह अशी रचना उभी राहिली, आणि जगभर तिचे अनुकरण झाले.

१४/
दख्खनच्या लाव्हावर ती रचना थंड हवेच्या ठिकाणांच्या रूपाने आली. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानवर चढला. १८७१ मध्ये जे. वाय. स्मिथचे माथेरानची माणसे, वनस्पती आणि प्राणी यांवरचे पुस्तक एडिंबरोस छापले गेले, आणि १९०७ मध्ये माथेरानची छोटी रेल्वे धावू लागली. महाबळेश्वरावर द. ब. पारसनीसांनी १९१६ मध्ये इंग्रजीत सचित्र ग्रंथ लिहिला. वऱ्हाडच्या वाट्याला चिखलदरा आले. गाविलगडाच्या बेसाल्टवरचे हे पठार १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सनच्या दृष्टीस पडले. विश्रांतीसाठी वऱ्हाडातले अधिकारी मेळघाटकडे जात. यवतमाळच्या टेकड्या त्यासाठी पुरेशा उंच आणि थंड नव्हत्या.

१५/
यवतमाळकडे रेल्वे आली, पण प्रवाशासाठी नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत किलिक-निक्सन कंपनीने घातलेला अरुंद मार्ग, जो पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखला गेला, तो कापसासाठी होता. दारव्ह्याच्या परिसरातून गाडी डुलत जाई, पण खिडकीतून दिसणाऱ्या टेकड्यांविषयी सांगणारी पुस्तिका कोणी छापली नाही. साहेबांचे या भागातले रानातले मनोरंजन म्हणजे शिकार. मध्य भारतातील शिकारपुस्तकांची परंपरा मोठी होती. जेम्स फोर्सिथचे सातपुड्यावरचे पुस्तक १८७१ चे. अशा पुस्तकांत डोंगर हा श्वापदाच्या मागचा पडदा असतो.

१६/
मराठी माणसाने डोंगराकडे पुस्तक घेऊन जाण्याचे कारण वेगळे होते. ते कारण किल्ला. १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा आणि तटबंद्या उद्ध्वस्त केल्या. पाऊणशे-ऐंशी वर्षांनी, शिवचरित्राच्या अभ्यासाने भारलेल्या काळात, चिंतामण गंगाधर गोगटे यांनी ‘महाराष्ट्र देशांतील किल्ले’ हा ग्रंथ सिद्ध केला. गडावर जाणे हा छंद नव्हता, ते एक कर्तव्य मानले जात होते. या भावनेने मराठी डोंगरपुस्तकांना बळ दिले आणि मर्यादाही घातली. ज्या डोंगरावर शिवकालाची आठवण नाही, तो डोंगर पुस्तकात येण्यास पात्र आहे काय, हा प्रश्न न विचारताच निकालात निघाला.

१७/
या परंपरेचा सर्वांत लाडका लेखक वऱ्हाडात जन्मला होता. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म १९१६ चा, परतवाड्याचा. मागे मेळघाटाचे डोंगर, पुढे वऱ्हाडचे मैदान. पण त्यांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ राजगड, रायगड आणि सह्याद्रीच्या इतर दुर्गांपाशी रमते. यात त्यांचा दोष काढण्यासारखे काही नाही. त्यांच्या प्रेमाने हजारो तरुणांना चढायला शिकवले. केवळ एवढेच दिसते की विदर्भाच्या पुत्रालाही डोंगर म्हटले की पश्चिमेकडे जावेसे वाटले. पुस्तकांनी तयार केलेली दिशा इतकी प्रबळ होती.

१८/
स्वातंत्र्यानंतर मुंबई-पुण्यात गिर्यारोहण संस्था उभ्या राहिल्या. मुंबईची ‘गिरिविहार’ ही १९५४ ची. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हरीश कपाडियांचे ‘ट्रेक द सह्याद्रीज’ आले. त्यानंतर मराठीत प्र. के. घाणेकरांची किल्ल्यांवरची पुस्तके, आनंद पाळंदे यांचे ‘डोंगरयात्रा’ आणि यंग झिंगारो ट्रेकर्सचे ‘सांगाती सह्याद्रीचा’ यांनी एक पिढी घडवली. सविस्तर सरकारी नकाशे तेव्हा सर्वसामान्यांना सहज मिळत नसत. म्हणून हाताने काढलेले आराखडे, डोंगरांच्या रेखाकृती आणि एस.टी.च्या वेळा यांनी ही पुस्तके भरलेली असत. खांद्यावरच्या पिशवीत शिध्याबरोबर त्यांची जागा ठरलेली असे.

१९/
या पुस्तकांची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पायथ्याचे गाव, सोंड, खिंड, नाळ, घळ, पदर, कातळकडा, नेढे, सुळका, घसारा, खांबटाके. हे सारे शब्द लाव्हाच्या रचनेतून आलेले आहेत. दोन लाव्हाथरांमधली मऊ पट्टी म्हणजे पदर, आणि तिच्यावरून आडवी वाट जाते. कठीण खडकाला पडलेली उभी फट झिजून नाळ होते, आणि तिच्यातून चढता येते. थरांच्या सांध्यातून पाणी झिरपते, म्हणून गडावरची टाकी बहुधा तेथेच खोदलेली असतात. ज्याला हे शब्द कळले त्याला भूशास्त्र न शिकताही डोंगर वाचता येऊ लागतो.

२०/
आणि हे शब्द लेखकांचे नव्हते. ते महादेव कोळी, ठाकर, धनगर, कातकरी यांच्या रोजच्या बोलण्यातले. पुस्तकाच्या प्रत्येक वाटेमागे कोणीतरी वाटाड्या आहे. त्याने लेखकाला ती एकदा दाखवली, आणि लेखकाने हजारांना. छापील वाटेने नव्या भटक्याला स्वातंत्र्य दिले, त्याच वेळी वाटाड्याची गरज कमी केली. मधला मार्ग काही लेखकांनी शोधला : अवघड जागी गावातला माणूस बरोबर घ्यावा, असे ते स्पष्ट लिहीत. त्या एका ओळीने किती अपघात टळले असतील, हे मोजण्याचे साधन नाही.

२१/
मग यवतमाळ या शेल्फवर का नाही, किंवा असलेच तर किल्ल्यांच्या यादीतल्या एखाद्या ओळीपुरते का? कारणे तीन दिसतात. पहिले भूरूपाचे : लाव्हा विरळ असल्याने येथे हजार मीटरचे कडे नाहीत, माळ, बरड जमीन, सागाचे रान आणि गोलसर पहाड आहेत. दुसरे इतिहासाचे : गडांची ती दाट साखळी येथे नाही. तिसरे वाचकाचे : शनिवारी रात्री निघून रविवारी परतणारा मुंबई-पुण्याचा भटक्या येथपर्यंत पोहोचत नाही. पुस्तक वाचक असेल तेथे निघते, आणि पुस्तक निघाले की वाचक तेथे जातो. हे चक्र एकदा फिरू लागले की त्याच्या बाहेरचा प्रदेश बाहेरच राहतो.

२२/
याची किंमत काय, ते २०२१ च्या जूनमध्ये दिसले. झरी जामणी तालुक्यातील शिबला-पार्डी येथे रस्त्याचे खोदकाम चालू असता दगडाचे सुबक, अनेक कोनांचे खांब उघडे पडले. कोणा राजाचे बांधकाम असावे, असे वाटण्याजोगे. चंद्रपूरचे भूशास्त्र अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी सांगितले की हे मानवनिर्मित नाहीत, ते स्तंभाकार बेसाल्ट आहेत. लाव्हाचा जाड थर सावकाश थंड होताना आकुंचन पावतो, पृष्ठभागावर बहुकोनी भेगा पडतात आणि त्या खोलवर जाऊन खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा याच जातीचा. त्याला लाखो लोक ओळखतात. शिबल्याचे खांब रस्ता खणणाऱ्या यंत्राखाली सापडले, आणि तो रस्ता दोन-चार हात पलीकडून गेला असता तर ते पाहिलेही गेले नसते.

२३/
अशा जागा आणखी आहेत. उमरखेड तालुक्याच्या सीमेवर पैनगंगा काळ्या कातळावरून सहस्रकुंडाच्या धबधब्यात कोसळते. त्याच नदीकाठी आर्णी तालुक्यात कापेश्वर आणि पलीकडे नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. हे झरे ज्वालामुखी अजून जागा असल्याची खूण होत, असा समज रुळला आहे. तो खरा नाही. येथला लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी निवला. भूजल भेगांतून खूप खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. चांगल्या मार्गदर्शक पुस्तकाचे हेही काम असते : वाट सांगणे, आणि वाटेवर कानावर पडणाऱ्या समजुती तपासून देणे.

२४/
पुस्तकांनी न लिहिलेली या डोंगरांची एक महायात्रा २०१९ मध्ये घडली. घाटंजी-पांढरकवडा भागातील टिपेश्वर अभयारण्य हे १४८ चौरस किलोमीटरांचे. तेथे जन्मलेला, गळ्यात रेडिओ-पट्टा बांधलेला एक तरुण वाघ जूनमध्ये बाहेर पडला. शेते, नाले, टेकड्यांच्या कडा यांचा आधार घेत, तेलंगणात आणि पुन्हा महाराष्ट्रात फिरत, डिसेंबरच्या आरंभी तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे १३०० किलोमीटरांचा हा प्रवास. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. अजिंठ्याच्या रांगेपासून यवतमाळपर्यंत हे डोंगर एकमेकांशी अजून जोडलेले आहेत, हे त्याच्या पायांनी सिद्ध केले. पट्ट्यातून येणारे बिंदू नकाशावर जोडत गेले की जी रेघ उमटते, ती या प्रदेशाची सर्वांत लांब नोंदलेली पायवाट आहे.

२५/
या यात्रेची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, राळेगाव-पांढरकवडा परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूंशी नाव जोडली गेलेली टी-१ वाघीण, म्हणजेच ‘अवनी’, गोळी घालून मारण्यात आली. मृतांपैकी अनेक जण शेतात किंवा गुरांमागे गेलेले होते. करमणुकीसाठी येणाऱ्याला जे रान रम्य वाटते, ते तेथल्या माणसाचे कामाचे ठिकाण आहे. यवतमाळच्या डोंगरांवर उद्या पुस्तक लिहिले गेलेच, तर त्याला पश्चिमेची भाषा जशीच्या तशी उसनी घेता येणार नाही. येथे कड्यावरून घसरण्याचे भय कमी. रानात केव्हा जावे, कोठवर जावे आणि कोठे जाऊच नये, हे ज्ञान येथे अधिक मोलाचे.

२६/
ते ज्ञान येथे आहे. कोलामांच्या पोडांत, गोंड, परधान आणि आंध समाजाच्या गावांत, बंजाऱ्यांच्या तांड्यांत प्रत्येक नाल्याला आणि पहाडाला नाव आहे. त्यांतली बहुतेक नावे कोणत्याही छापील नकाशावर नाहीत. पुण्याच्या पुस्तकांनी ‘पदर’ आणि ‘नाळ’ हे शब्द जसे घाटमाथ्याच्या माणसांकडून घेतले, तसेच येथले शब्द येथल्या माणसांकडून घ्यावे लागतील, आणि ते कोणाकडून घेतले हेही लिहावे लागेल. घाटावरच्या पुस्तकांनी वाटाड्याला बहुधा नावाविना ठेवले. ती उणीव पुन्हा घडू देण्याचे कारण नाही.

२७/
एक शंका रास्त आहे. पुस्तक आले की गर्दी येते. कळसूबाई, हरिश्चंद्रगड किंवा लोहगड येथे सुट्टीच्या दिवशी काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. मग यवतमाळ अनामिक राहिले तेच बरे नव्हे काय? परंतु अनामिक राहिल्याने डोंगर सुरक्षित राहतो, असा अनुभव नाही. वणीच्या बाजूस कोळशाच्या आणि चुनखडकाच्या खाणी आहेत, गावोगावी गिट्टीसाठी टेकड्या फोडल्या जातात. गर्दीने डोंगर झिजतो. पण ज्याची कोठे नोंदच नाही, तो नाहीसा झाला तरी कोणाला कळत नाही.

२८/
स्थानपोथीच्या कर्त्यापुढे हाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्याने लिहून ठेवले. जागेची भव्यता न पाहता, ती विसरली जाऊ नये एवढ्याच हेतूने, देवळाच्या कोणत्या अंगाला काय आहे ते नोंदवत जावे. माहूरच्या पायथ्याशी वाहणारी पैनगंगा ओलांडली की यवतमाळ लागते. शिबल्याचे खांब, कापेश्वरचे झरे, वणीजवळची लाव्हाची संपणारी कड, पोडांतल्या पहाडांची नावे : या जागांची नोंद करण्यासाठी गड लागत नाही, हजार मीटरचा कडाही लागत नाही. दिशा, अंतर, पाणी आणि वाट सांगणाऱ्याचे नाव, एवढे अचूक लिहिणारा एक माणूस लागतो.

(धागा समाप्त)